कोकणातल्या कॉलेजांचं जिम्नॅस्टिक्स: येत्या हंगामाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला, प्रवेश सुरू झाले की माझा फोन वाजायला लागतो. कधी एखाद्या कॉलेजचे जिमखान्याचे सर असतात, कधी मुलीची आई, तर कधी स्वतः मुलगाच, तोही दबक्या आवाजात, घरच्यांना कळू नये म्हणून. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स शिकवतो, त्यामुळे खाली जे अंदाज दिले आहेत ते माझे आहेत. ते चुकले तर मलाच धरा.

यंदा कोकणातल्या कॉलेजांकडून काय अपेक्षा ठेवायची?

मल्लखांबात चांगली. कलात्मक (म्हणजे साधनांवरच्या) जिम्नॅस्टिक्समध्ये सुटे खेळाडू दिसतील, संघ दिसणार नाहीत. पुरुषांच्या सहाही साधनांवर किंवा महिलांच्या चारही साधनांवर बऱ्यापैकी संच (म्हणजे एकामागून एक रचलेल्या कसरती) करणारी चार-पाच मुलं एकाच कॉलेजात असणं ही महाडच्या खाली जवळपास अशक्य गोष्ट आहे. पण फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतींत) किंवा व्हॉल्टवर (धावत येऊन साधनावरून मारायच्या उडीत) मुंबई-ठाण्याच्या मुलांच्या बरोबरीने उभा राहील असा एखादा मुलगा इकडे दरवर्षी निघतो. तो विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत पोचतो की नाही, इतकाच प्रश्न असतो. बऱ्याचदा पोचत नाही, आणि त्याचं कारण खेळापेक्षा कागदपत्रांत आणि गाडीच्या वेळापत्रकात सापडतं.

सहा साधनं, चार साधनं म्हणजे कोणती?

पुरुषांना फ्लोअर, पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी असलेला घोडा), रिंग्ज, व्हॉल्ट, समांतर दांड्या आणि सिंगल बार. महिलांना व्हॉल्ट, वरखाली दांड्या, बॅलन्सिंग बीम आणि फ्लोअर. फ्लोअर १२ मीटर बाय १२ मीटरचा असतो. बीम पाच मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि फक्त १० सेंटिमीटर रुंद. वितीच्या निम्मी रुंदी धरा. तिच्यावर मुली उलट्या कोलांट्या मारतात.

मल्लखांब करणारी मुलं जिम्नॅस्टिक्सला चालतात का?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चालतात, पण आहेत तशी नाही. मल्लखांबाने तीन गोष्टी आयत्या मिळतात. पहिली पकड. दुसरी, डोकं खाली आणि पाय वर असताना आपण नेमके कुठे आहोत हे कळणं. ही जाण अठराव्या वर्षी नव्याने शिकवायला फार जड जाते. तिसरी म्हणजे खांदा. दसरंग (खांदे मागे फिरवून करायचा मल्लखांबाचा प्रकार) करणाऱ्या मुलाचा खांदा मागे जितका मोकळा फिरतो तितका नुसत्या व्यायामशाळेत वजनं उचलणाऱ्याचा फिरत नाही. असा मुलगा रिंग्जवर लटकवला की पहिल्याच आठवड्यात फरक दिसतो. दोरीच्या मल्लखांबावरच्या मुलींचंही तसंच. स्वतःचं वजन हातांनी वर ओढायची त्यांना सवय असते, त्यामुळे वरखाली दांड्यांवर त्या घाबरत नाहीत.

आता तोटे. मल्लखांबावर अढी घालायची म्हणजे मांडीने खांब आवळायचा, गुडघा वाकवायचा. वर्षानुवर्षं हे केलं की गुडघा वाकणं अंगात मुरतं. जिम्नॅस्टिक्सचा पंच नेमकं तेच बघत असतो. गुडघा वाकला, पाऊल ताणलेलं नाही, पाय सुटले: प्रत्येक वेळी गुण कापले जातात. मुलाला कळतही नाही, कारण त्याच्या हिशेबाने उडी झकास झालेली असते. दुसरा तोटा पायांचा. मल्लखांबात धावून येऊन जमिनीला लाथ मारायची वेळ फारशी येत नाही. फ्लोअरवर राऊंड-ऑफ, फ्लिक, साल्टो (हात न टेकता हवेत मारलेली कोलांटी) अशी उड्यांची साखळी लावायची तर पोटरी आणि घोटा स्प्रिंगसारखे लागतात, आणि ते मुद्दाम घडवावे लागतात.

माझा अनुभव असा की चांगल्या मल्लखांबपटूला फ्लोअर आणि रिंग्जवर उभं करायला आठ-दहा महिने पुरतात, पॉमेल हॉर्सला मात्र पुरत नाहीत. पॉमेल हॉर्स म्हणजे वेगळंच प्रकरण, लहानपणापासून नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि एक सांगून ठेवतो. मल्लखांबाला जिम्नॅस्टिक्सची पायरी समजू नका. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, २०१९ मध्ये मुंबईत तिची पहिली जागतिक स्पर्धा झाली, हिमानी परबला २०२१ चा आणि सागर ओव्हाळकरला २०२२ चा अर्जुन पुरस्कार मल्लखांबासाठीच मिळाला. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्याचा खांबावर हात बसलाय त्याला ओढून बारवर न्यायचं काही कारण नाही. दोन्ही करायची हौस असेल तर करावं.

मल्लखांबाच्या विद्यापीठ स्पर्धा असतात का?

असतात. आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, आणि खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांच्या बंगळुरूच्या पर्वात मल्लखांबाचा समावेश झाला होता. मुलांना पुरलेला, टांगता आणि दोरीचा, मुलींना पुरलेला आणि दोरीचा. गाठ पडते ती मध्य प्रदेशाशी. तिथे २०१३ पासून मल्लखांब हा राज्याचा खेळ आहे, आणि उज्जैनकडची मुलं काय ताकदीची आहेत हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आमच्या कॉलेजात एकच मुलगा आहे. संघ नसेल तर त्याला पाठवता येतं का?

पाठवा. वैयक्तिक प्रवेशिका घेतात, आणि विद्यापीठाचा संघ निवडताना मुलाचा खेळ बघतात, त्याच्या कॉलेजने किती जण आणले ते बघत नाहीत. "संघ होत नाही म्हणून नाव पाठवलं नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडायचंही सोडून दिलंय.

आम्ही नक्की कुठल्या विद्यापीठाकडून खेळायचं?

प्रश्न साधा वाटतो, पण कोकणात गोंधळ इथेच होतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कला, वाणिज्य, विज्ञानाची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. म्हणजे रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर कॉलेजचा मुलगा असो की सावंतवाडीच्या पंचम खेमराजची मुलगी, चाचणीला समोर मुंबईच्या रुइया-पोदारची मुलं असणार. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा मात्र कोकण कृषी विद्यापीठाचा खेळाडू. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा संघ वेगळा. वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंगची मुलं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून खेळतात, मग कॉलेज ओरोसला असो की रत्नागिरीत.

यात एक फायदाही दडलेला आहे. मुंबई विद्यापीठाच्या संघात जागा मिळवणं अवघड, कारण दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवलीची सगळी तयार मुलं तिथेच. तोच मुलगा दापोलीला किंवा लोणेऱ्याला शिकत असेल तर विद्यापीठाच्या संघात त्याचं नाव पहिलं लागू शकतं. खेळासाठी शाखा बदला असं माझं म्हणणं नाही, पण तिथे आधीच शिकत असाल तर तुमच्या क्रीडा विभागाचं दार ठोठवा. तिथे येणारे बरेच जण कबड्डी-क्रिकेटवालेच असतात, जिम्नॅस्टिक्सचा कोणी आला तर त्यांनाही अप्रूप वाटतं.

जिल्ह्यांप्रमाणे काय चित्र आहे?

रायगडचे दोन तुकडे करा. पनवेल, उरण, पेण ही मुंबईच्या अंगणातली गावं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाल्यापासून उरणचं पोर संध्याकाळी मुंबईत सराव करून रात्री घरी येऊ शकतं. अलिबागकरांना मांडव्याहून बोट आहेच. कोकणातून पूर्ण साधनांवर खेळणारा कोणी आलाच तर तो याच भागातून येईल. माणगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्याकडून यंदा मला फारशी आशा नाही.

रत्नागिरी जिल्ह्याचं बळ शाळांत आहे. चिपळूणजवळ डेरवणला मोठं क्रीडा संकुल आहे, तिथल्या यूथ गेम्समध्ये दरवर्षी मल्लखांबाची मुलं उतरतात. त्यातली पोरं आता बारावी होऊन कॉलेजात येताहेत, म्हणून मल्लखांबात रत्नागिरीकडे लक्ष ठेवा असं म्हणतो. गळती होते ती बारावीला. क्लास लागले की संध्याकाळचा सराव सुटतो, एक वर्ष मध्ये गेलं की वजन वाढतं, आणि मग लाज वाटते म्हणून मुलं परत येतच नाहीत. अशांनी यावं. दोन महिन्यांत जमतं.

सिंधुदुर्गात मुली पुढे आहेत, हे माझं निरीक्षण. अडचण अंतराची: सावंतवाडीहून मुंबई पाचशे किलोमीटर, पण म्हापसा तासा-सव्वातासावर आणि कोल्हापूर घाट चढलं की आलंच. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा इकडच्या बऱ्याच मुलांनी पहिल्यांदाच पूर्ण साधनांवरचा खेळ समोर बसून पाहिला. महाराष्ट्र त्या स्पर्धेत पदकतक्त्यात पहिला आला होता. सरावासाठी मुंबईकडेच बघत बसण्यापेक्षा सुट्टीतले पंधरा दिवस गोव्याला किंवा कोल्हापूरला काढता येतात का बघा.

गुण कसे देतात? दहापैकी असतात ना?

आता नाही. १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिम्पिकला रुमानियाच्या नादिया कोमानेचीला पूर्ण दहा मिळाले आणि फलकाला ते दाखवता येईनात, १.०० असं दिसलं, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण २००६ पासून ती पद्धत गेली. आता दोन वेगवेगळे गुण देतात. एक काठिण्याचा, तो शून्यापासून वर चढत जातो. सगळ्यात अवघड आठ घटक मोजतात. दुसरा सफाईचा, तो दहापासून खाली उतरतो. बारीक चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, आणि पडलात तर पूर्ण १ गुण. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमचे गुण.

कोकणातल्या मुलांचा घोळ या बेरजेतच होतो. समजा एकाने सोपा संच केला: काठिण्य ३.०, सफाई ८.४, बेरीज ११.४. दुसऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेला अवघड साल्टो टाकला: काठिण्य ४.२, पण एकदा पडला, चार वेळा गुडघे वाकले, सफाई ६.६, बेरीज १०.८. टाळ्या दुसऱ्याला मिळतात आणि नाव पहिल्याचं लागतं. यंदा माझा सगळ्यांना एकच आग्रह आहे. दिवाळीपर्यंत नवीन काही शिकू नका, आहे तेच स्वच्छ करा.

साधनं नाहीत. काय करायचं?

त्रिपुराची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर, तिच्या सुरुवातीच्या व्हॉल्टला जुन्या स्कूटरचे भाग लावलेले होते. तीच मुलगी २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला व्हॉल्टमध्ये चौथी आली. हे उदाहरण मी मुलांना देतो, कॉलेजच्या व्यवस्थापनाला मात्र मुद्दाम देत नाही. दिलं की ते म्हणतात, "बघा, साधनांशिवाय पण होतं!"

प्रामाणिक उत्तर असं की सिंगल बार आणि रिंग्ज जुगाड करून बसवू नका. त्यांचा ताण, पाया, तारा हे जाणकाराकडूनच व्हायला हवं. बीम मात्र गावच्या सुताराकडून करून घेता येतो. पाच मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद फळी, जमिनीपासून वीतभर उंच, वर जुनी सतरंजी ताणून खिळलेली. ऐंशी टक्के काम त्या बुटक्या बीमवर होतं. फ्लोअरसाठी किनाऱ्याची वाळू चांगली वाटते आणि कोलांट्यांची भीती घालवायला ती चांगलीच आहे. पण वाळू उसळी देत नाही, पाय खेचून घेते. खऱ्या फ्लोअरच्या फळ्यांखाली स्प्रिंगा असतात. वाळूवर शिकलेला मुलगा तिथे गेला की पहिल्याच उडीला गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि पाठीवर येतो. चाचणीच्या आधी निदान दोन-तीन दिवस स्प्रिंगच्या फ्लोअरवर घालवा.

आणि खाली पुरेशी मॅट नसेल तर उलटी उडी नाही. याला अपवाद नाही, कितीही येत असली तरी.

पावसाळ्यात साधनं आणि सराव कसा सांभाळायचा?

खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. लोखंड टिकत नाही, मॅटच्या पोटात बुरशी धरते, हाताला लावायची मॅग्नेशियम पावडर डब्यातच ओली होते. मॅट भिंतीला उभ्या ठेवा, खाली विटा ठेवा, ऊन पडलं की तासभर बाहेर काढा. पावडरच्या डब्यात तांदळाची पुरचुंडी टाका. बारवर गंजाचे ठिपके दिसले की बारीक पॉलिश कागदाने घासून घ्या, नाहीतर तळहात सोलतात.

लाकडी मल्लखांबाला एरंडेल लागतंच, त्याची फार काळजी नाही. काळजी करायची ती टांगत्या मल्लखांबाच्या आकड्याची आणि साखळीची. वरून कोणी बघत नाही, आणि गंज तिथेच धरतो. दर पंधरा दिवसांनी शिडी लावून बघा. दोर ओला झाला तर घरात, वाऱ्यावर वाळवा. ओल्या दोराने मांडी भाजल्यासारखी सोलते.

वेळापत्रक कसं धरायचं?

शहरातल्या मुलांचा हंगाम सरळ चालतो, आपला सणांच्या आणि शेतीच्या पोटातून जातो. मे महिन्यात अर्धी मुलं आंब्याच्या पेट्या भरायला. जुलैत लावणी. मग गणपती: घर चाकरमान्यांनी भरलेलं, आरत्या, भजन, पाच-सात दिवस सरावाचं नाव काढायची सोय नाही. ते संपेस्तोवर कॉलेजांच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात, पाठोपाठ सत्र परीक्षा. आंतरविद्यापीठ स्पर्धा बहुधा शैक्षणिक वर्षाच्या उत्तरार्धात येतात, आणि तेव्हा शिमगा असतो. पालखी दारात येणार आणि पोरगा भुवनेश्वरला किंवा अमृतसरला! यावर घरोघरी झालेली भांडणं मी सोडवली आहेत, सगळी सुटली असं नाही.

म्हणून मी खरी तयारी जून ते ऑगस्ट धरतो, पाऊस असला तरी. ताकद, लवचिकता, हँडस्टँड. गणपतीत रोज वीस मिनिटं, घरच्या पडवीत भिंतीला पाय लावून हँडस्टँड आणि स्प्लिट, बस. मोदक खा, पण हे चुकवू नका.

अठराव्या वर्षी सुरुवात केली तर उशीर झाला का?

ऑलिम्पिकसाठी झाला. कॉलेजच्या स्पर्धेसाठी नाही, विशेषतः आधी मल्लखांब, कबड्डी, नाच असं काही अंगाला असेल तर. बाकी वयाचं म्हणाल तर दीपाने २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई सुवर्ण घेतलं ते तिसाव्या वर्षी, आणि उझबेकिस्तानची चुसोवितिना टोकियो ऑलिम्पिकला उतरली तेव्हा ४६ वर्षांची होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेला मात्र वय १७ ते २५ मध्ये लागतं.

मुलीला तसले कपडे घालावे लागतात का?

आईच विचारते हे, आणि सहसा बाबा शेजारी नसताना. उत्तर: पूर्ण पायांचा पोशाख नियमात बसतो. जर्मनीच्या मुली टोकियो ऑलिम्पिकमध्ये घोट्यापर्यंतच्या पोशाखात खेळल्या. कापड अंगाबरोबर असलं पाहिजे, कारण सैल कपडा दांडीत अडकतो आणि पंचांना गुडघा दिसत नाही. या एका कारणासाठी मुलीचा खेळ बंद करणाऱ्यांनी आधी मला फोन करावा.

रिदमिकचं (संगीतावर रिबन, चेंडू घेऊन करायच्या जिम्नॅस्टिक्सचं) काय?

ठाण्याच्या संयुक्ता काळेसारख्या मुलींमुळे महाराष्ट्र रिदमिकमध्ये दबदबा राखून आहे. कोकणात शिकवणारेच नाहीत, त्यामुळे यंदा अपेक्षा नाही.

दुखापत झाली तर?

घोटा आणि मनगट, बहुतेक वेळा हेच. बर्फ, दाब, पाय उंच, विश्रांती. पाय टेकता येत नसेल तर एक्स-रे आधी, हाडवैद्याकडे नंतरही नको. मानेवर पडलेल्या मुलाला उठवून बसवू नका, हलवूच नका, रुग्णवाहिका येऊ द्या. एका कॉलेजात अशा मुलाला चौघांनी उचलून खुर्चीत बसवून पाणी पाजलेलं मी पाहिलंय. तो सुदैवाने वाचला, माझे पाय मात्र अजून कापतात.

खायचं काय?

घरचंच. नाचणी, कुळथाची पिठी, अंडी, बांगडा. डब्यातल्या पावडरी नकोत.

याचा पुढे काही उपयोग आहे का?

नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट खेळातूनही घेता येतात, तुमच्या कॉलेजने तो पर्याय ठेवला आहे का विचारा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या स्पर्धेतलं कितवं स्थान कुठल्या पदाला चालतं हे शासन निर्णयात ठरलेलं असतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण राज्यभर गाजलं. "पैसे द्या, प्रमाणपत्र देतो" म्हणणारा भेटला तर उठून या.

निवड चाचणीला मुंबईला जाताना काय लक्षात ठेवायचं?

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, यंदाच्या प्रवेशाची पावती, ओळखपत्र, आधार, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा पात्रता अर्ज. मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. शिक्का पुसट असेल तर पुन्हा मारून घ्या, एका मुलाला त्यापायी परत पाठवलं होतं.

तुतारी किंवा कोकणकन्या एक्सप्रेसने रात्री बसलात की सकाळी मुंबईत. पण रात्रभर बसून आलेल्या अंगाने व्हॉल्ट मारणं म्हणजे घोटा मोडून घेणं. जमलं तर एक दिवस आधी जा, मुंबईत ज्याचा मामा-काका नाही असं कोकणात घर नाही. आरक्षण तारीख कळताच काढा, आणि परतीचं तिकीट चाचणीच्या संध्याकाळचं काढू नका. यादी कधीकधी रात्री आठला लागते, आणि नाव पुकारलं तेव्हा मुलगा पनवेल ओलांडून गेलेला असतो.